जुन्या शहराखालचं शहर: आधी विचारा, खोदलेलं की बुजलेलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एका ऐतिहासिक गावाला जाताय, गावाच्या पोटात आणखी एक मजला आहे असं ऐकलंय. तो आपला आपण शोधावा की वाटाड्याबरोबर पाहावा, आत गेल्यावर नेमकं काय बघावं, आणि वाड्यापासून थेट नदीवर निघणाऱ्या ‘गुप्त भुयारा’च्या गोष्टीत कितपत तथ्य असतं? जमिनीखालच्या जुन्या बांधकामांची मोजणी करणं, त्यांचे नकाशे काढणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

आत शिरल्यावर सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवा. ही जागा खोदलेली आहे की बुजलेली? म्हणजे, माणसानं मुद्दाम खाली जाऊन दगड पोखरलाय, की एके काळी उजेडात असलेली जागा वरचं गाव उंचावल्यामुळे अंधारात गेलीय? गावाखालच्या जवळजवळ सगळ्या जागा या दोन प्रकारांत बसतात. काही ठिकाणी दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात. हे एकदा ठरलं की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. खोदलेलं असेल तर विचारायचं, कशासाठी खोदलं? बुजलेलं असेल तर विचारायचं, जमीन वर का आली? बहुतेक प्रवासी हे न विचारता ‘केवढं गूढ आहे!’ म्हणत बाहेर पडतात, आणि पाहण्यासारखं बरंचसं तसंच मागे राहतं.

बुजलेल्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण अमेरिकेतल्या सिॲटलचं. ६ जून १८८९ च्या आगीत त्या शहराचा व्यापारी भाग जळून गेला. मुळात ती वस्ती समुद्रालगतच्या सखल, दलदलीच्या जमिनीवर होती, आणि भरतीच्या वेळी गटारांचं पाणी उलटं घरात यायचं. त्यामुळे नगरपालिकेनं ठरवलं की नव्यानं बांधतोच आहोत तर रस्तेच उंच करू. पण व्यापारी तितके दिवस थांबायला तयार नव्हते. त्यांनी जुन्याच पातळीवर दुकानं उभी केली. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिंती घालून मध्ये भराव टाकला गेला. रस्ता साडेतीन मीटर, काही ठिकाणी नऊ मीटरपर्यंत वर गेला आणि दुकानांसमोरचे पदपथ खाली खंदकासारखे राहिले. काही काळ लोक चौकाचौकांत शिड्या लावून चढउतार करत. पुढे वरच्या पातळीवर नवे पदपथ आले, आणि खालच्या भागात उजेड पडावा म्हणून त्यात काचेचे जाड ठोकळे बसवले गेले. १९०७ मध्ये प्लेगच्या भीतीनं खालचा भाग बंद झाला. ते ठोकळे आजही पायाखाली दिसतात, आणि त्यातले बरेच जांभळे झालेले आहेत. काच रंगहीन व्हावी म्हणून तेव्हा तिच्यात मँगनीज घालत. वर्षानुवर्षं ऊन लागलं की तेच मँगनीज काचेला जांभळी छटा आणतं. रस्त्यावर उभं राहून, एक पैसा न देता, पायाखाली पोकळी आहे हे सांगणारी ही खूण आहे.

स्कॉटलंडमधल्या एडिनबरोत कारण वेगळं होतं. तिथे १७५३ ते १७६१ या काळात रॉयल एक्स्चेंजची मोठी इमारत उभी राहिली. जागा उताराची होती. उतारावरच्या जुन्या अरुंद बोळांमधल्या घरांचे वरचे मजले पाडले आणि खालचे मजले नव्या इमारतीचा पाया म्हणून तसेच ठेवले. मेरी किंग्ज क्लोज नावाचा बोळ असा इमारतीच्या पोटात गेला. आज तिथे चालताना पायाखालचा उतार नीट अनुभवा. तळघराला कुणी असा उतार ठेवत नाही. ते पाणी वाहून जाण्याजोगं, आकाशाखालचं बोळ होतं हे पाय आधी सांगतात, डोळे नंतर. त्याच शहरातला साउथ ब्रिज १७८८ मध्ये खुला झाला. त्याला १९ कमानी आहेत, पण वरून चालताना आपण पुलावर आहोत याचा पत्ताच लागत नाही, कारण दोन्ही बाजूंना इमारती खेटून उभ्या आहेत आणि एकच कमान उघडी दिसते. बाकीच्या कमानींच्या पोटात मजले घालून कोठ्या केल्या. त्यात कारागीर आले, गुत्ते आले. पण पुलाच्या पृष्ठभागाला पाणी अडवणारा नीट थर दिलाच नव्हता. पाणी झिरपायला लागलं तशी बरी गिऱ्हाइकं उठून गेली आणि ज्यांना दुसरीकडे थारा नव्हता असे गोरगरीब तिथे राहायला आले. भुताखेतांच्या फेऱ्या तिथे जोरात चालतात. मला स्वतःला त्या कोठ्यांमध्ये सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती ही गळतीची गोष्ट. हिशेबात वाचवलेल्या एका थरापायी माणसं पिढ्यान्‌पिढ्या ओलीत राहिली.

प्रागच्या जुन्या भागात तेराव्या शतकात, व्ल्टावा नदीच्या पुरांना कंटाळून, जमीनच काही मीटर उंच केली गेली. त्याआधीच्या दगडी घरांचे तळमजले आज तळघरं झालेत. रोममध्ये तर हेच काम काळानं सावकाश केलं. सान क्लेमेंते हे बाराव्या शतकातलं चर्च. त्याच्या खाली चौथ्या शतकातलं चर्च. त्याच्याही खाली पहिल्या शतकातल्या रोमन इमारती आणि मिथ्रदेवाचं उपासनास्थळ. सगळ्यात खालच्या पातळीवर उभं राहिलं की वाहत्या पाण्याचा आवाज येतो. तिथे साचणारं पाणी काढून देण्यासाठी १९१२ नंतर मुद्दाम बोगदा खणावा लागला. शहर इतकं वर कसं चढलं? पडलेल्या घराचा राडारोडा उचलून न्यायला पैसे लागतात, तो तिथेच सपाट करून वर बांधायला कमी लागतात. त्यात पुराचा गाळ. हजार-दोन हजार वर्षं हेच चालू राहिलं की दरवाजे खिडक्यांसकट खाली जातात.

आता खोदलेलं. इथे माझा जीव नेपल्सवर आहे, कारण त्या शहरात वर आणि खाली एकमेकांचे साचे आहेत. तिथला पिवळा टफ हा ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला मऊ, हलका दगड. ग्रीक वसाहतीच्या काळापासून लोक तो काढत आले. वरून अरुंद भोक पाडायचं, खाली जाता जाता पोकळी रुंद करत न्यायची, म्हणजे छत टिकतं. काढलेला दगड वरच्या घराला लावायचा. उरलेल्या पोकळीला आतून पाणबंद गिलावा केला की ती हौद होते. हे हौद अरुंद पाटांनी एकमेकांना जोडले गेले आणि घरोघरी आडातून पोहरा सोडून पाणी वर यायला लागलं. एकाच खोदकामातून घर आणि पाणी, दोन्ही!

या हौदांची निगा राखणारे ‘पोत्सारी’ नावाचे लोक होते. ते आडाच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत कोरलेल्या खोबणींत हात-पाय रोवून चढत-उतरत. वाटाडे या खोबणींकडे एकदा विजेरी फिरवून पुढे निघतात. तुम्ही मात्र थांबा. खोबणीची खालची कड गोल झिजलेली दिसेल आणि दोन खोबणींमधलं अंतर जेमतेम एका पायरीएवढं. ही वाट थेट लोकांच्या घरात, अंगणात निघत असे. रात्री घरात येऊन वस्तू इकडच्या तिकडे करणाऱ्या ‘मुनाचिएल्लो’ या बुटक्या साधूच्या दंतकथेमागे हेच पोत्सारी असावेत असं तिथले लोक सांगतात. ते खरं असो वा नसो, घराच्या आत उघडणारी आडाची वाट ही वस्तुस्थिती आहे. १८८४ च्या पटकीच्या साथीनंतर, १८८५ मध्ये सेरिनोहून नवं नळाचं पाणी आलं आणि हौद निकामी झाले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावात हजारो लोक याच पोकळ्यांत उतरले. भिंतींवर त्यांनी खरडलेली चित्रं आणि तारखा आजही आहेत.

पॅरिसमध्ये वरच्या इमारतींसाठी खालचा चुनखडक काढला, आणि नंतर खाण कुठे होती हे शहर विसरलं. डिसेंबर १७७४ मध्ये एक रस्ताच खचला. १७७७ मध्ये खाणींच्या तपासणीसाठी खातं नेमलं गेलं आणि शार्ल-आक्सेल गियोमो याच्याकडे काम आलं. त्याच्या माणसांनी पोकळ्यांत आधाराच्या भिंती बांधल्या आणि प्रत्येक ठिकाणी वरच्या रस्त्याचं नाव कोरलं, म्हणजे खाली चालणाऱ्याला आपण वर कुठे आहोत हे कळावं. आधारभिंतींवर क्रमांक, एक अक्षर आणि वर्ष कोरलेलं असतं. ‘जी’ हे अक्षर दिसलं की ते गियोमोच्या कारकिर्दीतलं काम. शेदोनशे वर्षांत वरच्या काही रस्त्यांची नावं बदलली, खालची तशीच राहिली. मोजणी करणाऱ्या माणसाला याहून सुंदर शिलालेख सापडणार नाही. सगळे लोक तिथे हाडं बघायला जातात, आणि हाडं आहेतही साठ लाखांच्या आसपास माणसांची. पण ती शहरातल्या भरून गेलेल्या दफनभूमी रिकाम्या करून १७८६ पासून आणून रचलेली. खाणी त्याच्या कितीतरी आधीच्या.

कारणं आणखीही असतात. तुर्कस्तानातलं देरिनकुयू हे लपण्यासाठी वाढवत नेलेलं भुयारी गाव, खोली सुमारे ८५ मीटर. जात्याच्या तळीसारखे गोल दगडी दरवाजे फक्त आतल्या बाजूनं सरकवता येतात. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा हे १६१५ च्या सुमाराचं पाण्याचं काम, सातपुड्याकडून झिरपणारं पाणी भुयारातून उतारानं आणलेलं आणि वर ओळीनं कुंड्या. अशा कुंड्यांची किंवा उच्छ्वासांची सरळ रांग दिसली की खाली वाहतं पाणी होतं असं समजायला हरकत नाही.

आत गेल्यावर काय बघायचं, तर भिंत. टिकावाचे तिरपे, समांतर घाव दिसले आणि भिंत-छत एकाच सलग दगडाचं असेल तर खोदलेलं. घाव कुठल्या बाजूला झुकलेत यावरून खणणारा कुठल्या दिशेनं पुढे सरकत होता हेही कळतं. भिंतीला बाहेरची बाजू असेल, म्हणजे चौकट, उंबरठा, खिडकीची जाळी, पन्हळ, तर बुजलेलं. दरवाजा कमरेएवढाच दिसत असेल तर खालची जमीन भरावाची आहे. मूळ फरशी अजून खाली. गिलावा फक्त एका उंचीपर्यंत असेल आणि कोपरे गोलसर असतील तर ते पाण्याचं टाकं, कारण काटकोनी कोपऱ्यात चिरा पडून पाणी गळतं. गिलाव्यावर आडव्या रेषा दिसतील, त्या पाण्याच्या पातळीच्या. कोनाड्यावर काजळी असेल तर तिथे दिवा ठेवत असत. पांढरा, खारट लोणा फुटलेला असेल तर मागून पाणी झिरपतंय. उन्हाळ्यात मात्र सगळीच भिंत सारखी ओली दिसली तर घाबरू नका. बाहेरची दमट हवा आत येऊन थंड दगडावर पाणी धरते. आणि दिव्यांभोवती हिरवट शेवाळ दिसलं तर ते प्राचीन वगैरे काही नाही. अंधारात न उगवणारी वनस्पती विजेच्या उजेडावर वाढते, आणि अशी जागा राखणाऱ्यांची ती कायमची डोकेदुखी असते.

हे घाव बघायला विजेरी समोरून मारू नका. भिंतीला जवळजवळ चिकटवून, बाजूनं धरा. समोरून सपाट दिसणारी भिंत अशी तिरप्या उजेडात एकदम वाचता येते. फोटोही तसेच काढा, आणि शेजारी मापाला काहीतरी ठेवा. भिंतीला हात लावू नका. मऊ दगडावरचे घाव बोटांनी झिजतात.

खाली जाण्याआधी एक सकाळ वर घालवा. अंगणातले आड आणि त्यांचे कठडे, रस्त्यालगत अर्ध्या गाडलेल्या खिडक्या, पायऱ्या उतरून जावं लागतं असं देऊळ किंवा चर्च, फुटपाथातल्या लोखंडी जाळ्या, कारण नसताना दबलेला रस्ता, एकाच रेषेत तडे गेलेली घरं. हे सगळं एका साध्या नकाशावर मांडा. आड फार महत्त्वाचे, कारण वरून आणि खालून दोन्हीकडून दिसणारा तोच एक बिंदू. खाली उपग्रहाचा संकेत पोचत नाही, लोखंडाजवळ होकायंत्र भरकटतं. वरचा नकाशा खालच्या नकाशावर बसवायला आम्ही अशा उभ्या विहिरींचाच आधार घेतो. शिवाय म्हाताऱ्या माणसांशी बोला. इस्तंबूलचा बॅसिलिका हौद, ३३६ खांबांचा, सहाव्या शतकातला. सोळाव्या शतकात पेत्रुस गिलिउस या युरोपीय अभ्यासकाला तो सापडला तो लोकांच्या तळघरांतून. माणसं जमिनीतल्या भोकातून बादली सोडून पाणी काढत होती आणि चक्क मासे धरत होती. गावाला माहीत होतं, पुस्तकांना नव्हतं.

आता ते गुप्त भुयार. जवळजवळ प्रत्येक जुन्या गावात ही गोष्ट असते आणि बहुतेक वेळा त्या भोकाचा माग काढला की पाण्याचा पाट किंवा सांडपाण्याची मोरी निघते. लांब भुयाराला हवा लागते, झिरपणारं पाणी काढून द्यावं लागतं आणि खणलेली माती कुठेतरी टाकावी लागते. या तीन गोष्टींचा मागमूस नसेल तर मी गोष्ट बाजूला ठेवतो. पण सरसकट हसण्यावारीही नेऊ नका. नेपल्सच्या राजानं, दुसऱ्या फर्दिनांदनं, १८५३ मध्ये राजवाड्यापासून छावणीच्या दिशेनं खरोखरच भुयार काढायला लावलं. खणताना ते जुन्या हौदांवरच जाऊन आदळलं. पाणी चालू ठेवायचं म्हणून वास्तुशिल्पी एर्रिको आल्विनो याला भुयारात भिंती आणि पूल बांधावे लागले, आणि राजाच्या कामी ते कधी आलंच नाही. पुढे ते हवाई हल्ल्यातला आसरा झालं, मग जप्त केलेल्या गाड्या ठेवायची जागा. त्या गंजलेल्या गाड्या आजही तिथेच आहेत. उलट, ५३६ मध्ये बायझंटाइन सेनापती बेलिसारियसचं सैन्य त्याच शहरात शिरलं ते गुप्त वाटेनं नव्हे, तर तोडलेल्या जलवाहिनीतून. सगळ्यांना माहीत असलेला पाट, पण त्यातून माणूस जाऊ शकेल हे रक्षकांच्या ध्यानात आलं नाही.

राहिला प्रश्न एकट्यानं उतरण्याचा. बंद असलेल्या, नोंद नसलेल्या भोकात उतरू नका. हे मी कायद्याच्या भीतीनं सांगत नाही, जरी कायदाही असतोच (पॅरिसच्या खाणींत विनापरवाना जायला १९५५ पासून बंदी आहे). छत कोसळण्यापेक्षा हवेनं जास्त दगा होतो. मोकळ्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की जागा कामासाठी धोक्याची मानतात. जुन्या आडात, बंद टाक्यात कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, त्याला वास नसतो. मोरीतल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाक तो ओळखणंच बंद करतं, म्हणजे वास गेला तेव्हा धोका वाढलेला असतो. मेणबत्तीवर विसंबू नका. ती विझेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि ज्वालाग्राही वायू असेल तर तीच घात करते. आम्ही वायुमापक आधी दोरानं खाली सोडतो, रीडिंग बघतो, मगच माणूस उतरतो. एक उतरला आणि कोसळला तर दुसऱ्यानं धावत उतरू नये, हे आपल्या माणसांना निक्षून सांगून ठेवा. विहिरींतल्या दुर्घटनांत वाचवायला गेलेलेच कितीदा तरी दगावतात. जुन्या मोऱ्यांचं तर आणखी एक: गावावर आभाळ निरभ्र असेल, पण वरच्या अंगाला पाऊस झाला तर पाणी मिनिटांत येतं.

खुल्या केलेल्या जागांत यातलं बहुतेक सांभाळलेलं असतं, म्हणून वाटाड्याची फेरीच घ्या. शक्य असेल तर दोन घ्या, वेगवेगळ्या संस्थांच्या, कारण एकाच शहराखाली अनेकदा एकमेकांना न जोडलेल्या जागा असतात. भुतांची फेरी आणि इतिहासाची फेरी यांत निवडायचं झालं तर दुसरी. वाटाड्याला नेमके प्रश्न विचारा: मूळ जमीन कुठे आहे, हा आधार जुना की हल्ली दिलेला, हे विटांनी बुजवलेलं दार कुठे जातं? चांगला वाटाडा अशा प्रश्नानं खुलतो. ज्याला उत्तर माहीत नसतं तो पटकन भुताची गोष्ट काढतो.

किरकोळ तयारी: पुरेशा खोलीवर बारा महिने तापमान जवळपास सारखंच असतं, त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीइतकं. पॅरिसच्या खाणीत ते १४ अंशांच्या आसपास राहतं, तेव्हा उन्हाळ्यातही अंगावर एक कपडा जास्त ठेवा. न घसरणारे बूट हवेत, आणि वाटाड्याकडे दिवा असला तरी स्वतःची विजेरी हवी. वटवाघळं दिसली तर उजेड खाली करून पुढे चला. बंद जागेची भीती वाटत असेल तर तिकीट काढतानाच सर्वांत अरुंद जागा किती रुंद आहे ते विचारा. नेपल्सच्या काही फेऱ्यांत एका पाटातून आडवं होऊन सरकावं लागतं, आणि तेवढा भाग सोडून बाहेर थांबायची सोय बहुधा असते.

आणि त्या गावात कुणाच्या घरी दुरुस्ती चालू असताना जमिनीत पोकळी लागली, असं तुमच्या कानावर आलं तर घरमालकाला एवढंच सांगा: भोक बुजवू नका, आत राडारोडा टाकू नका, वर भक्कम फळी घाला आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. देरिनकुयू १९६३ मध्ये असंच एका घराच्या दुरुस्तीत भिंत फोडताना सापडलं.